शेपटीविना विमान: गुरुत्वमध्य ३० टक्क्यांवर ठेवूनही माझे मॉडेल का कोसळले?

माळावरचा वारा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी रेडिओने चालणारी लहान विमाने स्वतः बांधून नाशिकजवळच्या एका माळावर उडवतो. आजवरची सगळी नेहमीच्या घडणीची, म्हणजे वर पंख, मागे शेपूट अशी होती. या पावसाळ्यात प्रथमच शेपटीविना विमान, म्हणजे नुसता मागे झुकलेला पंख बांधला आणि पहिल्याच उड्डाणात तो गमावला.

मापे अशी आहेत. पंखाचा एकूण विस्तार १ मीटर असून मध्यावरची कॉर्ड, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, ३०० मिलिमीटर व टोकाची १८० मिलिमीटर आहे. टोकाची पुढची कड मध्याच्या पुढच्या कडेपेक्षा ३०० मिलिमीटर मागे येते. पंख गरम तारेने थर्माकोलमधून कापला. त्याचा छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, क्लार्क वाय या नावाचा ठेवला, कारण त्याचे प्लायवुडचे साचे माझ्याकडे तयार होते. पंखाला पीळ दिलेला नाही, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत त्याचा कोन एकच आहे. वजन ७२० ग्रॅम, त्यांपैकी बॅटरी १८० ग्रॅम. गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या ३० टक्क्यांवर, म्हणजे नाकापासून २११ मिलिमीटरवर ठेवला होता. माझ्या जुन्या विमानात हाच आकडा उत्तम चालत असे. एलेव्हॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पृष्ठे, एका मित्राच्या सांगण्यावरून ४ मिलिमीटर वर उचलून ठेवले होते.

मित्राने विमान हातातून सोडताच नाक वर गेले. मी रिमोटची काडी किंचित पुढे दाबली, तर ते खाली यायचे थांबेचना. मागे ओढली, तर पहिल्यापेक्षा जास्त वर गेले. तिसऱ्या हेलकाव्यात ते जमिनीत घुसले. माझा हात चुकला की बांधणी चुकली, हे मला समजून घ्यायचे आहे.

---

रंधा आणि करवत

आपला हात चुकलेला नाही. त्या स्थितीतले विमान मुरलेल्या माणसालाही आवरले नसते. आपण सगळी मापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने देता येते.

टोकाची कॉर्ड मध्याच्या ०.६ पट आहे. त्यावरून सरासरी वायुगतिक कॉर्ड २४५ मिलिमीटर येते. ती मध्यरेषेपासून सुमारे २२९ मिलिमीटर अंतरावर पडते आणि तिथली पुढची कड नाकापासून १३७.५ मिलिमीटर मागे असते. एकट्या पंखाचा उदासीन बिंदू, म्हणजे ज्या बिंदूभोवती नाक वरखाली झाल्याने वाढणारी किंवा घटणारी लिफ्ट (विमान वर उचलणारे बळ) काम करते तो बिंदू, या कॉर्डच्या साधारण २५ टक्क्यांवर असतो. २४५ चे २५ टक्के म्हणजे ६१ मिलिमीटर, ते १३७.५ मध्ये मिळवले की सुमारे १९९ मिलिमीटर होतात. आपला गुरुत्वमध्य २११ वर होता. तो उदासीन बिंदूच्या १२ मिलिमीटर मागे पडला आणि विमान मुळातच अस्थिर झाले. झुळकेने नाक जरा वर गेले की वाढलेली लिफ्ट ते आणखी वर ढकलणार, आणि खाली गेले की आणखी खाली. आपण पाहिलेत ते नेमके हेच.

जुन्या विमानात ३० टक्के चालत होते ते शेपटीमुळे. मागचे आडवे पृष्ठ सगळ्या विमानाचा उदासीन बिंदू बराच मागे खेचते, त्यामुळे ३० टक्क्यांवरही गुरुत्वमध्य त्याच्या पुढेच राहतो. शेपूट काढली की ती सवलत संपते.

पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य उदासीन बिंदूच्या पुढे सरासरी कॉर्डच्या ८ टक्के अंतरावर राखावा असे मी सुचवीन. ते सुमारे २० मिलिमीटर होते, म्हणून गुरुत्वमध्य १७९–१८० वर आणावा. आपल्याला तो ३१ मिलिमीटर पुढे न्यायचा आहे आणि बॅटरी एकूण वजनाच्या बरोबर चौथा हिस्सा आहे, तेव्हा ती चौपट, म्हणजे १२४ मिलिमीटर पुढे सरकवावी लागेल. एवढी जागा पंखात मिळणार नाही. नाकापुढे थर्माकोलची एक लांबट डबी काढावी. शिसे ठोकून वजन वाढवू नये. तोल पाहताना पंखाखाली दोन बोटे धरून भागत नाही. इथे ५ मिलिमीटरचा फरकही जाणवतो, म्हणून दोन खुंट्यांची घोडी करून तिच्यावर विमान ठेवावे.

---

जीवा आणि ज्या

वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात पीळ आणि छेद यांबद्दल भर घालतो, कारण नुसता गुरुत्वमध्य पुढे नेलात तर पुढच्या खेपेस विमान सरळ नाकावर उतरेल.

विमान स्थिर असणे आणि ते तोलात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुरुत्वमध्य पुढे नेल्याने स्थैर्य मिळते. पण मग लिफ्ट गुरुत्वमध्याच्या मागे लागते आणि नाक सतत खाली ओढले जाते. क्लार्क वाय हा छेद वर फुगीर असल्याने त्याचा स्वतःचा कलही नाक खाली नेण्याकडेच आहे. नेहमीच्या विमानात शेपूट लांबच्या टोकाला थोडे खाली दाबून हे दोन्ही सावरते. शेपूट नसेल तर हेच काम पंखाच्या एखाद्या भागाने करावे लागते, आणि पंखाचा जो भाग खाली दाबतो तो तेवढा विमान उचलण्याच्या कामातून जातो. शेपटीविना विमानाच्या प्रत्येक निर्णयात ही किंमत कुठे ना कुठे मोजावीच लागते.

ती मोजण्याच्या दोन रूढ रीती आहेत. एक म्हणजे छेदाची मागची कड वर वळवणे, ज्याला रिफ्लेक्स म्हणतात. सरळ, न झुकलेल्या पंखाला याच्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी रीत मागे झुकलेल्या पंखाची: टोके गुरुत्वमध्याच्या बरीच मागे येत असल्याने त्यांना पिळून त्यांचा कोन मध्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे टोकेच शेपटीचे काम करतात. ब्रिटनमधील जॉन विल्यम डन यांनी ही रीत विमानविद्येच्या अगदी पहाटे सिद्ध केली. त्यांचे डी-५ हे १९१० सालचे विमान इतके स्वयंस्थिर होते की उड्डाणात नियंत्रणावरचे हात काढून त्यांनी कागदावर टिपणे लिहिली. राइट बंधूंच्या विमानाला वैमानिकाने क्षणोक्षणी सांभाळावे लागे, त्या काळातली ही गोष्ट आहे, आणि ती वाचताना मला आजही भरून येते.

आपल्या पंखासाठी टोकाला ३ अंशांचा पीळ द्यावा. टोकाचा साचा ठोकळ्यावर खिळताना त्याची मागची कड वर घेतली की गरम तार पीळ आपोआप कापते. १८० मिलिमीटर कॉर्डला ३ अंश म्हणजे मागची कड सुमारे साडेनऊ मिलिमीटर वर. छेद मात्र कमी फुगीर किंवा सममित घ्यावा. या पिळाचा आणखी एक मोठा लाभ आहे. मागे झुकलेल्या पंखावर हवेचा संथ थर टोकांकडे सरकत जातो आणि टोके आधी स्टॉल होतात, म्हणजे तिथली लिफ्ट एकाएकी ढासळते. टोके मागे असल्याने तिथली लिफ्ट जाताच नाक आणखी वर उसळते, म्हणजे विमान स्टॉलमधून बाहेर पडण्याऐवजी त्यात खोल शिरते. पीळ असला की मध्य आधी स्टॉल होतो आणि नाक आपण होऊन खाली येते.

एलेव्हॉनची हालचालही निम्मी करावी. नाकाचे डोलणे शमवण्याचे काम शेपूट करते आणि तो परिणाम तिच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेपूट नसताना हे शमन फार थोडे उरते आणि तेवढ्याच काडीला विमान कितीतरी तीव्र उत्तर देते.

---

माळावरचा वारा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. नवा पंख कापला: सममित छेद, ३ अंशांचा पीळ, पुढे डबी, गुरुत्वमध्य १८० वर. काल सकाळी वारा पडलेला असताना विमान सोडले आणि ते सरळ, संथ चढत गेले. सहा मिनिटांनी ते अखंड उतरले, तेव्हा मित्राने आणि मी माळावर बसून नुसता पंखच बराच वेळ न्याहाळला.

एक नवी अडचण मात्र दिसली. वेग कमी केला की नाक डावीउजवीकडे भटकते आणि त्याच्या जोडीने पंख डुलतो, होडी लाटेवर डुलावी तसा. टोकांवर ८० मिलिमीटर उंचीची उभी पाती आहेत आणि पंख दोन्ही बाजूंना किंचित वर उचललेला आहे. पाती मोठी करावीत का? आणि बी-२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाला एकही उभे पाते नसताना ते सरळ कसे जाते?

---

जीवा आणि ज्या

याला डच रोल म्हणतात. मागे झुकलेला पंख बाजूने घसरला की वाऱ्याकडची बाजू जास्त लिफ्ट देते आणि विमान लवंडते; लिफ्टचा गुणांक जितका जास्त, म्हणजे वेग जितका कमी, तितका हा परिणाम तीव्र होतो. आपण पंख वर उचललेला असल्याने त्यात भर पडली आहे. उलट, नाक वाऱ्याकडे वळवणारे बळ आपल्याकडे तोकडे आहे, कारण पाती लहान आहेत आणि गुरुत्वमध्यापासून फार मागे नाहीत. पंख सपाट करावा आणि पाती १३० मिलिमीटरपर्यंत उंच करून शक्य तितकी मागे सरकवावीत.

बी-२ च्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पूर्वजापासून सुरू करावे लागते. जॅक नॉर्थ्रॉप यांचे एक्सबी-३५ हे बॉम्बफेकी विमान २५ जून १९४६ रोजी प्रथम उडाले. त्याचे प्रोपेलर मागे होते आणि ते व त्यांच्या दांड्यांची आवरणे नकळत उभ्या पात्यांचे काम करत होती. जेट इंजिने बसवून त्याचेच वायबी-४९ केले तेव्हा हा आधार गेला, म्हणून चार लहान उभी पाती लावावी लागली. तरीही विमान डावीउजवीकडे हेलकावत राही आणि बॉम्बचा नेम धरणे कठीण जाई. पुढे ते हेलकावे दाबण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा जोडली गेली. ५ जून १९४८ रोजी एक वायबी-४९ कोसळले आणि त्यातील पाचही जण गेले. त्यांत कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स होते. कॅलिफोर्नियातील म्युरॉकच्या हवाई तळाला त्यांचेच नाव दिले गेले.

१७ जुलै १९८९ ला प्रथम उडालेल्या बी-२ चा पंखविस्तार वायबी-४९ इतकाच, म्हणजे ५२.४ मीटर आहे. त्याच्या टोकांशी दुभंगणारी पृष्ठे आहेत. एका बाजूचे पृष्ठ वरखाली उघडले की तिकडे ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो आणि नाक तिकडे वळते. ती किंचित उघडल्याने फारसा परिणाम होत नाही, म्हणून एरवीही दोन्ही बाजूंची थोडी उघडीच ठेवतात. ती किती उघडायची हे चौपदरी संगणक-यंत्रणा सतत ठरवत असते. माणसाच्या हाताला ते जमण्यासारखे नाही.

जर्मनीतील विमाने बांधणाऱ्या हॉर्टेन बंधूंनी याहून देखणा मार्ग शोधला होता. जर्मन वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांड्टल यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या घंटेच्या आकाराच्या लिफ्ट-वाटपाप्रमाणे टोकांची लिफ्ट पार कमी केली, तर पंख लवंडताना नाक उलट्या बाजूला न जाता वळणाच्या दिशेनेच जाते. नासाच्या आर्मस्ट्राँग केंद्रात प्रांड्टल-डी या मालिकेच्या ग्लायडर-मॉडेलांवर हे अलीकडे तपासले गेले. आपण पुढचे विमान करणार असाल तर तोच रस्ता धरावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

---

सरळ रेघ

संगणकाचा विषय निघाला आहे म्हणून आपल्याकडचे एक उदाहरण देतो. तेजस हेही शेपटीविना डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंखाचे विमान आहे. ते ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले. वर 'किंमत' हा शब्द आला आहे, तिचेच गणित इथे उलटे करून घेतले आहे. स्थिर डेल्टा विमान उतरताना नाक वर धरण्यासाठी एलेव्हॉन वर उचलते आणि ज्या क्षणी लिफ्ट सर्वांत जास्त हवी त्याच क्षणी ती गमावते. गुरुत्वमध्य मुद्दाम मागे ठेवून विमान अस्थिर केले, तर तोलासाठी एलेव्हॉन खाली जातात आणि लिफ्ट वाढते. मिराज २००० या फ्रेंच लढाऊ विमानातही हाच विचार आहे. अर्थात मग संगणकाशिवाय ते विमान क्षणभरही उडू शकत नाही. पुढे १ जुलै २०२२ रोजी डीआरडीओने चित्रदुर्ग येथे मानवरहित फ्लाइंग विंगचे उड्डाण, जमिनीवर उतरण्यापर्यंत, पूर्णपणे स्वयंचलितरीत्या केले.

आपल्यापैकी कोणी मॉडेलमध्ये जायरो, म्हणजे डोलणे ओळखून आपोआप सावरणारे उपकरण, बसवून गुरुत्वमध्य मागे नेण्याचा विचार करत असेल, तर २३ फेब्रुवारी २००८ ची ग्वामची घटना ध्यानात घ्यावी. बी-२ च्या हवेचा दाब मोजणाऱ्या काही संवेदकांत ओल शिरली होती, त्यावरून संगणकाला वेग चुकीचा कळला आणि उड्डाण घेतानाच त्याने नाक सुमारे ३० अंश वर उचलले. विमान स्टॉल होऊन कोसळले. दोघेही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेल्याने वाचले.

---

रंधा आणि करवत

पाती बदलल्यावर गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा, कारण वजन टोकांशी, म्हणजे मागे वाढले आहे. त्यानंतर त्याची नेमकी जागा उड्डाणातच ठरवावी. पुरेशा उंचीवर विमान सरळ तोलात उडू द्यावे, मोटर बंद करावी, सुमारे ३० अंशांनी नाक खाली घालावे आणि काडी सोडून द्यावी. ते झपाट्याने वर आले तर गुरुत्वमध्य गरजेपेक्षा पुढे आहे आणि एलेव्हॉन विनाकारण वर उचललेले आहेत. बॅटरी ८ मिलिमीटर मागे घ्यावी, म्हणजे गुरुत्वमध्य २ मिलिमीटर सरकेल. लांब, सावकाश कमानीने वर आले तर जागा योग्य आहे. काडी सोडल्यावरही सूर आणखी तीव्र होऊ लागला, तर लगेच हळुवार हाताने विमान वर घ्यावे, उतरवावे आणि बॅटरी पुढे सरकवल्याशिवाय पुन्हा सोडू नये. प्रत्येक बदलानंतर बॅटरीच्या कडेची रेघ डबीवर पेन्सिलीने ओढून ठेवावी.