झेडपीतला प्रमोशनचा वाद, दाद नक्की कुठे मागायची?

घाटावरचा_लिपिक: मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे, माझ्यापेक्षा ज्येष्ठता यादीत खाली असलेल्या दोघांना वरिष्ठ सहायक करून टाकलं. आस्थापनेत विचारलं तर म्हणे बिंदुनामावलीचा (आरक्षणाप्रमाणे कुठली जागा कोणाची हे ठरवणाऱ्या रोस्टरचा) विषय आहे, विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षात विचारा. तिथे गेलो तर म्हणे आम्ही फक्त रोस्टर तपासतो, ऑर्डर सीईओंची (झेडपीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची). ग्रामविकास विभागाला पत्र टाकलं ते फिरून परत झेडपीलाच "योग्य त्या कार्यवाहीस्तव" आलं. आता कुठे जाऊ?

मंत्रालय_वारी: सरळ मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) ओए म्हणजे मूळ अर्ज टाका, वकील बघा नि मोकळे व्हा.

जुना_खोडरबर: थांबा, असले सल्ले देऊ नका राव. मॅट राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. झेडपीवाले पगार शासनाच्या अनुदानातून घेत असले तरी नोकर झेडपीचे, त्यांची केस मॅट घेत नाही, थेट हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. आमच्या ओळखीतल्या एकाने मॅटमध्येच वर्ष घालवलं. राज्य सरकारीवाला आधी मॅटला जातो आणि मग हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींपुढे, सुप्रीम कोर्टाच्या 1997 च्या चंद्रकुमार निकालापासून असंच आहे. आणि झेडपीच्या 1964 च्या शिस्त व अपील नियमात सीईओंनी दिलेल्या शिक्षेवर आयुक्तांकडे अपील असतं, पण तुमचं शिक्षेचं प्रकरण नाही ना?

घाटावरचा_लिपिक: नाही ओ, शिक्षा वगैरे काही नाही. सीआर (गोपनीय अहवाल) पण चांगले आहेत.

जुना_खोडरबर: मग आधी ज्येष्ठता यादी बघा. तात्पुरती यादी लागली तेव्हा हरकत घेतली होती का? नसेल तर कोर्टात पहिला प्रश्न तोच येईल. त्या दोघांचे बिंदू कोणते आणि पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त काय म्हणतं ते माहिती अधिकारात मागवा. आणि त्या दोघांना पक्षकार करायला विसरू नका, त्यांची ऑर्डर त्यांना न ऐकता रद्द होत नाही.

कोकणातली_ताई: निवेदनावर निवेदन देत बसू नका दादा, त्याने मुदत वाढत नाही. रिटला ठरलेली मुदत नसली तरी उशीर का केला हे विचारतातच. आणि 7 मे 2021 च्या जीआरने तर पदोन्नतीतली सगळी पदं सेवाज्येष्ठतेने भरायला सांगितली होती, मागासवर्गीय कोट्याचा मूळ वाद सुप्रीम कोर्टात गेलेला, त्यामुळे तुमच्या ऑर्डरची तारीख कोणती ते आधी सांगा.

घाटावरचा_लिपिक: ऑर्डर घरी आहे, संध्याकाळी बघून टाकतो. यादीवर हरकत मात्र तोंडी घेतली होती, लेखी नाही 😬