मदत हवी आहे : लष्करी खर्चाच्या वाट्याचा आयकर रोखून धरायचाय

पंचगंगाकाठी: परवा रिटर्नची मुदत संपतेय, लवकर सांगा. २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, म्हणजे १३.४५ टक्के. माझ्या करातला तेवढा वाटा मी भरणार नाही. पोर्टलवर कमी रकमेचं चलन चालतं का? उपदेश नको.

सीए_राजारामपुरी: नोकरी की व्यवसाय? टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापलेला कर, किती गेलाय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मिसळवाला: भावा, भरूच नको! टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी एन. डी. पाटील सरांच्या मागं आख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा कुठं टोल गेला. एकट्यानं काय हुतंय? कृती समिती काढ.

शाहूपुरी२: टोल नाक्यावर अडवता येतो. टीडीएस हातात यायच्या आधीच कापला जातो, तो कसा अडवणार?

 

फौजीचा_पोरगा: माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तुझ्या त्या ६.८१ लाख कोटींत सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनचे आहेत. आईची शुगरची औषधं त्यातनंच येतात. तेही रोखणार?

पंचगंगाकाठी: नाही. पेन्शनला माझा विरोध नाही, वजा करतो. मग १०.२७ टक्के राहतात. नोकरी नाही, फौंड्रींना ड्रॉइंग करून देतो. एकूण कर ७८,०००, टीडीएस ७०,५०० गेलाय. गेल्या महिन्यात एक काम आलं, वर नुसतं 'पोकळ कास्टिंग' लिहिलेलं. भिंतीची जाडी आणि टोकाचे आटे बघितले तेव्हा कळलं, तोफगोळ्याचं कवच आहे. परत पाठवलं. जे हातानं केलं नाही, ते करातून का करू?

फौजीचा_पोरगा: सीमेवर गोळा लागतोच, दादा. पण काम परत पाठवलंस, याला हिंमत लागते, एवढं मानतो.

वाचनालय_कट्टा: अमेरिकन लेखक थोरोनं मेक्सिकोचं युद्ध आणि गुलामगिरीपायी डोईपट्टी नाकारली, १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. कुणीतरी परस्पर पैसे भरले म्हणून सुटला.

मिसळवाला: आपलं बारडोली सांगा की! १९२८ ला म्हशी जप्त झाल्या, तरी शेतसारा दिला नाही.

सीए_राजारामपुरी: आता बोलता येईल. ७८,००० चे १०.२७ टक्के म्हणजे आठ हजारांवर, तुमच्या हातात उरलेत साडेसातच. उत्पन्न लपवू नका, रिटर्न मुदतीत भरा. 'नंतर भरतो' हा पर्याय पोर्टलवर आहे. पुढं डिमांड, म्हणजे थकलेल्या कराची मागणी, येईल, पुढच्या वर्षीचा रिफंड त्यात वळता होईल, खातंही जप्त होऊ शकतं. जाणूनबुजून चुकवला असं ठरलं तर दंड आणि खटला. सदसद्विवेकाला आयकर कायद्यात सूट नाही. आणि डिमांडच्या उत्तरात 'असहमत'वर टिक करू नका, आकडा बरोबरच असणार.

पंचगंगाकाठी: चालेल. आज रिटर्न भरतो, साडेसात हजार ठेवून. कारण सांगणारं पत्र खासदारांना वेगळं पाठवतो. व्याज आजपासून धरायचं का?

सीए_राजारामपुरी: नाही. डिमांड नोटीस मिळाल्यावर ३० दिवस, त्यानंतर महिन्याला १ टक्का. ईमेल रोज बघत जा.