तज्ज्ञ डॉक्टरांचं सर्वेक्षण: ऑनलाइन प्रश्नावली की फोन?

प्रश्न
दुर्मिळ रक्तविकाराच्या उपचारांविषयी रक्तविकारतज्ज्ञांचं सर्वेक्षण करायचं आहे. यादीत साधारण ६०० डॉक्टर आहेत. ते औषध कशावरून बदलतात आणि सध्या किती रुग्णांवर कोणता उपचार चालू आहे, या दोन गोष्टी हव्यात. २५ मिनिटांची ऑनलाइन प्रश्नावली तयार आहे, १५० प्रतिसाद धरलेत. त्यापेक्षा फोन बरा पडेल का?

उत्तर १
‘कशावरून’ आणि ‘किती’ एकाच प्रश्नावलीत कोंबू नका. आधी १०-१२ डॉक्टरांच्या ४५ मिनिटांच्या मुलाखती घ्या, फोनवर किंवा व्हिडिओवर. प्रश्नावलीतले पर्याय त्यांच्या बोलण्यातून यायला हवेत. ‘महत्त्व १ ते १०’ असं विचारलंत तर परिणामकारकता, सुरक्षितता, सगळ्यालाच ८-९ पडतात. त्याऐवजी एका वेळी चारच मुद्दे दाखवा आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत बिनमहत्त्वाचा निवडायला सांगा.

उत्तर २
६०० पैकी १५० म्हणजे दर चौघांत एक. एवढे व्यस्त तज्ज्ञ २५ मिनिटं देतील हे अवघड वाटतं. १२-१५ मिनिटांवर आणा. १५० प्रतिसादांवरून काढलेल्या टक्केवारीत त्रुटी सुमारे ±७ टक्के, ८० वरून ±१०. यादी लहान असल्याचा फायदा यात धरला आहे, पण नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, असेल तरच हे आकडे लागू. ८० वर थांबलात तर त्याचे २०-२० चे गट पाडून टक्केवारी देऊ नका.

उत्तर ३
‘तुमच्या किती टक्के रुग्णांना अमुक औषध?’ हा प्रश्न काढूनच टाका. गंभीर आणि नुकतेच पाहिलेले रुग्ण जास्त आठवतात, आकडा तिकडे झुकतो. केसपेपर समोर ठेवून शेवटच्या ५ रुग्णांची नोंद ओळीने भरून घ्या. नाव, जन्मतारीख नको, वयोगट पुरे. नोंदींबाबत परवानगीचे नियम आधी तपासा.

यातही एक खोट आहे. वारंवार येणारा रुग्ण ‘शेवटच्या ५’ मध्ये सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रत्येकाच्या १२ महिन्यांतल्या भेटी विचारा आणि विश्लेषणात त्या नोंदीला भेटींच्या उलट प्रमाणात भार (वजन) द्या. ४ वेळा आलेल्याची नोंद पाव धरायची. हे बहुतेकांच्या हातून सुटतं.

प्रश्नकर्ता
नोंदी फोनवर घेता येतील?

उत्तर ३
नको. केसपेपर चाळताना फोनवर ताटकळत राहावं लागतं, मग अंदाजे उत्तरं येतात. फोन वेळ ठरवण्यासाठी आणि आठवण करून देण्यासाठी वापरा.

उत्तर २
दोन्ही माध्यमं वापरलीच तर लांब यादीचे प्रश्न टाळा. पडद्यावर वरचा पर्याय जास्त निवडला जातो, फोनवर शेवटी ऐकलेला. क्रम फिरवत ठेवा. चाळणीत, म्हणजे कोण पात्र ते ठरवणाऱ्या सुरुवातीच्या प्रश्नांत, ‘या आजाराचे रुग्ण पाहता का?’ असं विचारू नका, सहभागासाठी काय उत्तर हवं ते लगेच कळतं. चार-पाच आजारांचे मासिक रुग्ण विचारा.

आणि औषध कंपनीसाठी काम असेल तर उघड्या (स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या) उत्तरांत दुष्परिणामाचा उल्लेख आला की तो कळवावा लागतो. ती उत्तरं रोज वाचणारा माणूस पहिल्या दिवसापासून नेमा.