पांढरा समुद्री बगळा की छोटा बगळा?

खाजणवाट:
रत्नागिरीजवळ भाट्येच्या खाडीत ओहोटीला एक पाटीच्या रंगाचा बगळा होता, गळा पांढरा. तो समुद्री बगळा, यात शंका नाही. शेजारी तेवढाच एक पांढराशुभ्र. चोच पिवळट, पाय काळे वाटले. हा छोटा बगळा की समुद्री बगळ्याचंच पांढरं रूप? ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) काय टाकू?

तिवर:
पायांवर जाऊ नका. चिखलात उभ्या बगळ्याचे पाय काळेच दिसतात, पिवळे पंजेसुद्धा. धुऊन निघालेले पाय दिसले तरच उपयोग: छोट्या बगळ्याचा पाय काळा आणि पिवळा रंग घोट्याशी मोज्यासारखा तुटतो. समुद्री बगळ्याचा पाय मळकट हिरवट-तपकिरी, पंजाचा पिवळेपणा वर चढत जातो.

खरी खूण चोच. छोट्या बगळ्याची काळी, बारीक, सरळ, सुरीसारखी. समुद्री बगळ्याची बुंध्याशी जाड, टोकाकडे किंचित खाली झुकलेली. निव्वळ पिवळटपणा पुरेसा नाही, कारण छोट्या बगळ्याच्या पिल्लांचीही चोच फिकट असते. म्हणून आधी आकार, मग रंग. विणीच्या हंगामात डोळ्यापुढची कातडी दोघांचीही लालसर होते, तेव्हा तीही खूण बाद.

ओहोटी_सात:
समुद्री बगळ्याच्या रंगाचा नर-मादीशी किंवा ऋतूशी संबंध नाही, पाटीच्या रंगाचा असो वा पांढरा, जन्मभर तेच रूप. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या उपजातीत दोन्ही रूपं सर्रास; पश्चिम आफ्रिकेच्या उपजातीत मात्र बहुतेक सगळे काळसर, पांढरा क्वचित. पांढऱ्या अंगावर राखाडी पिसांचे ठिपके असलेले मधलेही दिसतात, त्यांना आजारी समजू नये. अंदमानात गेलात तर तिथला समुद्री बगळा वेगळ्याच जातीचा, पण त्याचीही हीच दोन रूपं.

दुर्बीण८बाय४२:
आणि छोटा बगळा व समुद्री बगळा यांचा संकरही होतो, हे विसरू नका. चोच मधलीच वाटली तर हट्टाने नाव देऊ नका. ईबर्डवर 'छोटा बगळा किंवा समुद्री बगळा' असा जोड पर्याय आहे. जात पक्की झाली तर टिपणीत 'पांढरं रूप' लिहा आणि चोचीचा बाजूने काढलेला फोटो जोडा. भर उन्हात फोटोत पांढरा पक्षी जळून जातो, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर उणे ०.७ ते १ ठेवा, नाहीतर चोचीची कडच दिसत नाही.

खाजणवाट:
फोटो पुन्हा पाहिला. चोच जाड आहे, टोक झुकलेलं. पाय चिखलात.

तिवर:
मग समुद्री बगळाच. पाय सोडून द्या.