मदत हवी आहे: जगातल्या फोन-मेसेजच्या वापराचा आलेख

सोलापुरात आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीची मुलं जगभरातल्या संपर्कसाधनांचा आलेख काढताहेत. 2002 च्या सुमारास मोबाइलने लँडलाइनला मागे टाकलं, भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, इथवर ठीक. गाडी अडलीय व्हॉट्सॲपपाशी. मोबाइलच्या जोडण्या मोजतात, व्हॉट्सॲपचे वापरकर्ते. एकाच माणसाची दोन सिम म्हणजे जोडण्या दोन! माझ्या मते दोन वेगळे आलेख बरे. जाणकारांना काय वाटतं? आयटीयूचे (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) वर्षवार, देशवार आकडे एक्सेलमध्ये फुकट कुठून उतरवायचे?

आणखी एक. चादरीच्या जुन्या पेढ्यांवर आलेल्या तारा, ट्रंक कॉलच्या पावत्या कुणाकडे आहेत का? मुलांना हात लावून बघू द्यायच्यात. साखर पेठेत स्वतः येऊन नेईन, जपून परत करीन.