पॅकेट रेडिओ आपत्तीत खरंच उपयोगी पडतो का? पाच जणांच्या ग्रुपने सुरुवात कशी करायची?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी श्रीवर्धन साइडचा, हॅम म्हणजे हौशी रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेड लायसन्स, व्हीयू३ ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनवाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाइट गेली, मोबाइलचे टॉवर गेले, सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, रस्त्यावर झाडं आडवी. आम्ही तिघं टू मीटरच्या हॅम बँडवर हँडसेट घेऊन निरोप पोचवत होतो. साधे निरोप गेले, पण याद्या सांगताना वाट लागली. ताडपत्र्या सदतीस सांगितल्या, पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात समोरच्याने सदुसष्ट लिहिल्या. आणि एका आजींसाठी "इन्सुलिन चाळीसची" असा निरोप दिला, म्हणजे ४० युनिटवाली बाटली, एकच, तर तिकडे चाळीस बाटल्या असं लिहून घेतलं आणि एवढा साठा नाही म्हणून निरोप तसाच पडून राहिला. शेवटी नातू बाइकवर निघाला, पुढे बाइक टाकून झाडांवरून चढत-उतरत गेला आणि अंधार पडता पडता बाटली घेऊन आला. ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आता आम्ही पाच जण झालोय, पॅकेटबद्दल, म्हणजे टाइप केलेला मजकूर छोट्या तुकड्यांत रेडिओवरून पाठवण्याबद्दल, वाचलंय. सेकंदाला १२०० बिटच्या स्पीडवर खरंच काही होतं का, आणि हँडसेट आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर चालेल का? बजेट फार नाहीये.

बिनतारीकाका
चालेल, आणि याद्यांसाठी तर हेच हवं. एएक्स.२५ मध्ये, म्हणजे पॅकेट ज्या नियमांनी बांधतात त्यात, प्रत्येक पॅकेटच्या शेवटी तपासणीचा आकडा असतो, एक बिट जरी चुकला तरी ते पॅकेट घेतच नाहीत, आणि कनेक्ट करून पाठवत असाल तर पोच मिळेपर्यंत सेट परत परत पाठवतो. म्हणजे सदतीस एक तर सदतीसच पोचणार नाही तर पोचणारच नाही, आणि पोचलं नाही हे तुम्हाला कळणार. स्पीडचं म्हणाल तर १२०० म्हणजे सेकंदाला १५० अक्षरं, त्यात सेट चालू व्हायचा वेळ आणि पोच धरली तरी वीस ओळींची यादी सिग्नल बरा असेल तर अर्ध्या मिनिटात जाते. तोंडाने वीस ओळी सांगून परत वाचून घ्यायला किती लागतात ते तुम्ही बघितलंय.

वेगळा टीएनसी, म्हणजे पॅकेटसाठीचा मोडेमचा डबा, विकत घेऊ नका, डायरवुल्फ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. यूएसबी साउंड कार्ड, केबल आणि पीटीटीसाठी (सेटचं बोलायचं बटण दाबायला) छोटं ट्रान्झिस्टरचं सर्किट, बस. व्हॉक्सच्या, म्हणजे आवाज आला की सेट आपोआप पाठवायला लागतो त्या सोयीच्या, नादाला लागू नका बरं का, पॅकेट संपल्यावरही व्हॉक्स सेट दाबून धरतो आणि तेवढ्यात समोरची पोच निघून जाते. सगळ्यात जास्त लोक फसतात ते ऑडिओ लेव्हलमध्ये. कानाला मोठं आणि छान वाटतं म्हणून वाढवत नेतात, मग १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन्ही सूर फाटतात आणि समोर काहीच उलगडत नाही. आलेल्या प्रत्येक पॅकेटची लेव्हल डायरवुल्फ दाखवतं, ती ५० च्या आसपास ठेवा. ऐकायची प्रॅक्टिस करायला जोडीदारही लागत नाही, स्पेस स्टेशनवरचा डिजिपीटर (ऐकलेलं पॅकेट पुन्हा पुढे पाठवणारा सेट) चालू असतो तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट मिळतात.

घाटमाथा_क्यूटीएच
काकांना +१. एक गोष्ट कोकणात नडणार, डोंगर. मध्ये उंचावर एक डिजिपीटर लागेल, पण मग दोन खोऱ्यातले दोघं एकमेकांना ऐकूच शकत नाहीत, दोघांनाही चॅनल मोकळा वाटतो, दोघं एकदम पाठवतात आणि डिजीवर दोन्ही पॅकेट मरतात. आमच्या सरावात पाच स्टेशन एकदम सुरू झाली तेव्हा अर्ध्या तासात एक यादी धड गेली नव्हती. मग एकाला कंट्रोल केलं, तो ज्याला बोलावेल त्यानेच पाठवायचं, आणि सगळं सुरळीत झालं. डिजी सरावापुरता कोणीतरी वर घेऊन बसा, कायमचा ठेवायचा असेल तर डब्ल्यूपीसीला, म्हणजे रेडिओचे परवाने बघणाऱ्या सरकारी विभागाला, विचारल्याशिवाय नको.

आणि मराठीतून टाइप करणार असाल तर हे बघा, देवनागरीत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा ३ बाइट खाते. ताडपत्री हा एक शब्द २४ बाइट, तोच इंग्रजी अक्षरांत ८. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त २५६ बसतात. मला मराठीच आवडते, पण त्या वेळेला रोमन लिपीच बरी.

औषधवाली_ताई
मी फार्मासिस्ट आणि हॅम दोन्ही आहे म्हणून लिहिते. दादा, ताडपत्रीची चूक पॅकेटने सुटेल, इन्सुलिनची सुटणार नाही. "इन्सुलिन ४०" असं टाइप केलं तर ते अगदी बिनचूक पोचेल आणि समोरचा तरीही चाळीस बाटल्याच वाचेल. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं, आणि सिरिंजही त्याप्रमाणे वेगळी लागते, म्हणजे हा घोळ जिवावर बेतू शकतो. फॉर्म आत्ताच ठरवा. औषधाचं पूर्ण नाव, बाटली की पेन, एका मिलिलीटरमध्ये किती युनिट, नग किती, सिरिंज हवी का, कधीपर्यंत हवं. रिकामी जागा ठेवायची नाही, माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहायचं. दुसरं, हॅम बँडवर गुप्त भाषा चालत नाही, सेट असलेला कोणीही वाचू शकतो, तेव्हा पेशंटचं नाव पाठवू नका. प्रत्येक घराला आधीच नंबर द्या आणि त्याची वही दोन्ही टोकांना कागदावर ठेवा.

खाडीकाठ
ताई, खरं सांगतो, तुमचं वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. इतकी वर्षं मी ऐकणाऱ्याला दोष देत होतो, निरोपच अर्धवट होता.

रविवारी दोन घरांत सेट लावले. पहिला तासभर काहीच जाईना, एखादं पॅकेट जायचं, पुढची चार गायब. शेवटी सापडलं, हँडसेटमधलं बॅटरी सेव्ह चालू होतं, सेट मध्ये मध्ये झोपायचा आणि पॅकेटची सुरुवातच कापली जायची. ते बंद केलं, लेव्हल खाली आणली, आणि तेरा ओळींची यादी पहिल्या फटक्यात गेली. फॉर्म आजींच्या नातवाला दाखवला, तो म्हणाला यात बर्फाचं पण लिहा, मी त्या दिवशी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तो रकाना वाढवलाय. काका, १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी एका रास्पबेरी पायला आणि सेटला किती पुरेल?

बिनतारीकाका
नुसतं ऐकत बसलात तर आठेक तास, पाठवायला लागलात की भराभर उतरते. दोन ठेवा, एक सोलरवर.