"अडकेल फासा" म्हणजे अडकलेला की अडकणार असलेला?

गिरणाकाठ:
मंडळी, एक शब्द अडलाय. म्हणजे आधी फासा अडला आणि त्याच्यामागे शब्द. आम्ही जळगावात सहा-सात जण टेबलावरच्या लढाया खेळतो, ते २८ मिलिमीटरचे बारके सैनिक रंगवायचे, टेपने इंच मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. मामांच्या बियाण्याच्या दुकानावर खोली आहे, तिथे दर रविवारी. नवीन येणाऱ्यांसाठी मी भिंतीवर मराठीत नियम लावलेत, त्यात तिसरा असा: "अडकेल फासा पुन्हा टाकायचा." म्हणजे टेबलावरच्या खोट्या भिंतीला, झाडाला टेकून तिरका राहिलेला, वर कुठलं दान आहे ते धड सांगता येत नाही असा. दोन वर्षांत ह्यावर कोणी तोंड उघडलं नाही. गेल्या रविवारी बहिणीचा दीर पुण्याहून आलेला, तोही खेळतो. त्याचा फासा थर्माकोलच्या बुरुजाला टेकला, सहा आल्यासारखा वाटत होता, मी म्हटलं उचल आणि परत टाक. तर हा पठ्ठ्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणतो, "दादा, नियमात 'अडकेल' आहे, भविष्यकाळ. हा तर ऑलरेडी अडकलाय." पाऊण तास त्यातच गेला. माझा रणगाडा त्या सहावर गेला ते वेगळंच. तर असल्या फाशाला मराठीत नेमका शब्द काय, आणि माझं "अडकेल" खरंच चूक आहे का? इकडे सगळे असंच बोलतात.

व्याकरणवाली:
चूकच आहे. अडकेल हा भविष्यकाळ, तुम्हाला हवंय ते "अडकलेला". घरात काय ते बोला पण भिंतीवर लावायचं तर प्रमाण लिहा. नियमाचा सगळ्यांना एकच अर्थ लागायला हवा ना.

पांझरेवाला:
ताई, पाहुण्याला व्याकरणाचं काही पडलेलं नव्हतं, त्याला सहा वाचवायचा होता. आमच्या धुळ्याला अहिराणीत "काम करेल शे", "पानी पडेल शे" हे रोजचं, आणि मराठी बोलताना पण "मी जेवेल आहे", "गाडी तिकडे लावेल आहे". झालेल्या गोष्टीलाच म्हणतो आम्ही. आणि "अडकेल फासा पुन्हा टाकायचा" ह्यात भविष्यकाळ धरून बघा बरं, वाक्य लागतं का? "जो" नाही, "तर" नाही. अडकलेला हाच अर्थ निघतो, काढायचा असला तर.

भुसावळ_जंक्शन:
ह्या जेवेलनी माझं वजन वाढवलंय. पुण्याला इंजिनियरिंगला गेलो, पहिल्याच आठवड्यात मेसच्या काकूंना सांगितलं, काकू मी जेवेल आहे. त्यांनी ताट झाकून ठेवलं. रात्री साडेदहाला पोऱ्या बोलवायला आला, खाली गेलो तर काकू उभ्या, "अरे जेवणार म्हणालास ना मघाशी?" आता काय सांगणार, बसलो परत. गवार होती. असं तीनदा झालं तेव्हा कुठे "जेवलोय" म्हणायला शिकलो. सुट्टीत घरी आल्यावर जेवलोय म्हटलं तर आजी म्हणे पुण्याचं वारं लागेल आहे ह्याला.

नंदुरबारी मिरची:
हे गुजरातीतून आलंय भो. तिकडे करेलुं, गयेलुं, लखेलुं. आमच्याकडे बाजारात उभं राहिलं की अर्धं बोलणं तसंच कानावर येतं.

व्याकरणवाली:
इतकं सोपं नसतं ते. प्राकृतात -इल्ल होता, मराठीच्या गेला-आला मधला ल त्याच घरातला. शेजारच्या भाषेत सारखं दिसलं की उसनं घेतलं असं होत नाही.

पांझरेवाला:
म्हणजे तुमच्याच तोंडून ठरलं की आमचं -एल पण त्याच घरातलं. मग भिंतीवर का नको?

व्याकरणवाली:
घराणं चांगलं असणं वेगळं आणि वाचणाऱ्याला कळणं वेगळं.

जुना_पट:
मूळ प्रश्न राहिलाच. जुन्या खेळांत ह्याला शब्द सापडेल असं मला वाटत नाही, कारण ही अडचणच तिथे कमी. सारीपाटाचे फासे लांबट, चार बाजूंचे, त्यांवर १, २, ५, ६ एवढेच आकडे, आणि कापडी पटावर टेकायला बुरुज कुठून येणार. कवड्यांचं तर पालथी की उताणी एवढंच. जाता जाता, तीन फाशांवर एक आणि दोन सहा पडले की पौ बारा. हिंदीत पौ बारह म्हणजे चांदी झाली, आणि आपल्याकडे पोबारा केला म्हणजे पळून गेला! माझी समजूत अशी की मोठं दान पडलं की सोंगटी सुटायची म्हणून पळणं आलं. कोणाला वेगळं माहीत असेल तर सांगा.

भुसावळ_जंक्शन:
किंवा जिंकणारा पैसे घेऊन पळायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीत पत्ते बसतात तेव्हा हे डोळ्यांनी बघेल आहे.

शुभ्रकमळ:
फासा तरी का? फास म्हणजे गळ्याला लावायचा. संस्कृतात अक्ष हा स्वच्छ शब्द आहे, "वक्राक्ष" म्हणा की.

नंदुरबारी मिरची:
वक्राक्ष ऐकून चष्म्याचा नंबर काढायला बोलावलंय असं वाटलं.

जुना_पट:
संस्कृतात पाशकही आहे, फासा त्याच्यावरूनच. अक्ष म्हटलं तर निम्म्या लोकांना गाडीचा आस आठवेल.

तोच_पाहुणा:
नमस्कार, तो पाहुणा मी. सहाच होता. आमच्याकडे ह्याला साधी पद्धत आहे, तिरक्या फाशाच्या डोक्यावर दुसरा फासा ठेवून बघायचा, टिकला तर दान धरायचं, घसरला तर परत. दादांनी ठेवूच दिला नाही. आणि आम्ही नुसतं "कॉक्ड आहे" म्हणतो, सगळ्यांना कळतं, मराठी शब्दाचा अट्टहास कशाला.

गिरणाकाठ:
ठेवू दिला नाही कारण तू ठेवताना बुरुजच हलवलास. आणि खोलीत दोन पोरं आठवीतली आहेत, त्यांना कॉक्ड नाही कळत, अडकेल लगेच कळतं.

पांझरेवाला:
टेकू फासा म्हणा. टेकू लागलाय म्हणून टेकू. काळाचं झंझटच नाही.

व्याकरणवाली:
हा मात्र चांगला आहे. कलता फासाही चालेल.

भुसावळ_जंक्शन:
टेकू म्हणजे टेकण द्यायची वस्तू, म्हणजे टेकू तर बुरुज झाला. आम्ही लहानपणी लुडोत "दान कच्चं" म्हणायचो.

नंदुरबारी मिरची:
छे, कच्ची तर सोंगटी, घरात न पोचलेली. आणि कच्चा लिंबू वेगळाच.

जुना_पट:
एक सुचवू का? १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा युद्धखेळ आणला, त्यात फासे होतेच, पण दोन्ही बाजूंवर पंच बसवलेला असायचा आणि तो म्हणेल ते खरं. तुमच्या खोलीत शब्दापेक्षा पंच कमी पडतोय.

गिरणाकाठ:
पंच कोण होणार, त्याला खेळायला मिळत नाही ना मग. बरं ते जाऊ द्या, शब्दाचा विषय निघालाच आहे तर अजून एक. मे महिन्यात गच्चीवर सैनिकांना प्राइमर, म्हणजे रंगाच्या आधीचा थर, मारला, जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, पंचेचाळीसच्या आसपास. स्प्रे हवेतच वाळतो आणि वर नुसती भुकटी बसते, बोट फिरवलं तर सँडपेपर. वीस सैनिक गेले. ह्याला आई म्हणाली "रवाळ झालं". मला वाटत होतं रवाळ म्हणजे चांगलं, तूप रवाळ म्हटलं की कौतुकच असतं.

नंदुरबारी मिरची:
रवाळ हा फक्त दाणा सांगतो, चांगलं वाईट वस्तूवर. खव्याला, तुपाला पाहिजे, रंगाला नको. पहाटे पाचला मारत जा, आणि डबा सावलीत ठेव.

शुभ्रकमळ:
कणीदार म्हणा, रवाळ स्वयंपाकघरातला आहे.

भुसावळ_जंक्शन:
आणि पावसाळ्यात दमटपणामुळे पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं त्याला काय म्हणायचं? शिवाय चिवडा खाऊन तेलकट हाताने सैनिक उचलणाऱ्याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे पण इथे लिहिता येत नाही.

गिरणाकाठ:
हाहा. तर ह्या रविवारपासून घरून भाकरीची जुनी परात आणलीय, फासे परातीतच टाकायचे, टेबलावर नाहीच. आवाज इतका होतो की खालून मामा विचारतात काय पडलं. भिंतीवरचा तिसरा नियम बदलला: "परातीबाहेर पडेल फासा पुन्हा टाकायचा."

व्याकरणवाली:
पडेल?!

तोच_पाहुणा:
आणि परातीतच एक फासा दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला तर?